रानात उरलेल्या पाल्या-गवतापासून सुगंधी तेल: किनवटकडं जमेल का?

पैनगंगाकाठ | ४ ऑक्टोबर

मंडळी, राम राम. मी किनवट तालुक्यातला. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. तेंदूपत्ता आणि बांबूचं काम ग्रामसभाच बघते. या वर्षी पाऊस बरा झाला, रान अजून हिरवं आहे. पण मला दर वर्षी एकच गोष्ट खुपते. दिवाळीनंतर गवत वाळतं, कंबरेएवढं उभं राहतं आणि फाल्गुन-चैत्रात वणव्यात जातं. गेल्या उन्हाळ्यात आमची डोंगराची एक बाजू पूर्ण काळी झाली. सालईची, धावड्याची लहान झाडं होरपळली. ते बघून दोन दिवस जेवण गेलं नाही.

या गवतात आमच्याकडं तिखाडी खूप आहे. म्हातारी माणसं तिला रोशा म्हणतात. चुरगाळलं की हाताला गुलाबासारखा वास येतो. त्याशिवाय ओढ्याकडं निर्गुडी, पडीक जागेत मातलेली घाणेरी, आणि साग विरळणी झाली की पडलेला फांद्या-पाल्याचा ढीग. हे सगळं वाया जायलंय असं वाटतं. गावातली आठ-दहा पोरं ऊसतोडीला जायची थांबतील एवढं काम यातून निघेल का? भट्टी कोणती घ्यावी? तेल कोण घेतं? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.

माळरान | ४ ऑक्टोबर

दादा, मी धाराशिवकडचा. पाच वर्षांपासून दीड एकर गवती चहा आहे, गावातच तेल काढतो. जंगलातलं मला माहीत नाही, भट्टीचं सांगतो.

पहिली भट्टी घेतली तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं, "पाणी फार लागत नाही." लागतं. वाफेचं परत पाणी करायला थंड पाणी लागतं. एक लिटर वाफेचं पाणी पडायला साधारण पंधरा लिटर थंड पाणी नळीवरून फिरावं लागतं. मार्चमध्ये आमच्या विहिरीनं तळ गाठला आणि भट्टी तीन महिने झाकून ठेवली. मग सिमेंटचा हौद बांधला. आता तेच पाणी हौदात सोडतो, रात्रीतून गार होतं, सकाळी परत तेच वापरतो. उडून जाईल तेवढंच नवीन घालायचं. मराठवाड्यात भट्टीच्या आधी हौद बांधा, एवढंच कळकळीनं सांगणं आहे.

दुसरं, झाकणाची फट. माझ्या भट्टीचं झाकण नीट बसत नव्हतं. कणकेनं लिंपायचो तरी वाफ जायची, आणि वाफेबरोबर तेल. अख्ख्या घराला वास यायचा. लोक म्हणायचे काय छान वास येतोय, मला रडू यायचं.

अर्कभट्टी | ५ ऑक्टोबर

मी छत्रपती संभाजीनगरला असते. रसायनशास्त्र शिकले आणि बारा वर्षं सुगंधी तेलांच्या तपासणीचं काम केलं. पैनगंगाकाठ, तुमची यादी नीट वेगळी करून घेऊ. 'उरलेला जैवभार', म्हणजे रानात उरलेला पाला, फांद्या, गवत, हे एकच नाव सगळ्याला लावलं की नुकसान तिथूनच सुरू होतं.

सागाचा पाला सोडून द्या. त्यातून ऊर्ध्वपातनानं, म्हणजे वाफ देऊन, विकण्याजोगं तेल निघत नाही. धावडा, पळस, टेंभुर्णीचंही तेच. पानात तेलाच्या ग्रंथी असाव्या लागतात. पान उजेडात धरून बघा, चुरगाळून बघा. वास नसेल तर कितीही वाफ द्या, पाणीच मिळेल. सागाचा पाला तिथंच कुजू द्या किंवा भट्टीखाली जाळा.

घाणेरीत तेल आहे, पण फार थोडं. शंभर किलो पाल्यातून शंभर-दोनशे मिलिलिटर निघालं तरी पुष्कळ, आणि घेणारे मोजके. घाणेरी उपटायलाच हवी, ती रानाची शत्रू आहे. पण ती जळण म्हणून उपटा, तेलासाठी नको. तिचा उकडलेला चोथा गुरांपुढं कधीही टाकू नका. तिच्यातलं विष वाफेबरोबर उडून जात नाही, जनावराच्या यकृतावर जातं. निर्गुडीचंही तेल कमीच निघतं. तिचा पाला गावात शेकायला, तेलात कढवायला वापरतात, तो उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो.

आता रोशा. तुमच्याकडं खरी संपत्ती ही आहे. त्याच्या तेलाला व्यापारात पामरोझा म्हणतात. त्यात जिरॅनिऑल हा मुख्य घटक असतो, चांगल्या तेलात पंचाहत्तर-ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त. साबण, अत्तर, सौंदर्यप्रसाधनं, सगळीकडं जातं. जिरॅनिऑलचा उत्कलनबिंदू २३० अंशांच्या आसपास आहे, तरी ते शंभर अंशांच्या आत वाफेबरोबर निघून येतं. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळं दोघांच्या वाफेचा दाब एकत्र जोडला जातो आणि मिश्रण लवकर उकळतं. म्हणून गावात, साध्या जाळावर हे काम होऊ शकतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यानं वर तरंगतं.

महत्त्वाची गोष्ट: तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानात असतं. दांड्यात जवळजवळ नाही. बुडापासून कापलंत तर निम्मी भट्टी रिकाम्या दांड्यांनी भरेल. तुरा उमलून आठ-दहा दिवस झाले, बी धरायला लागलं की वरचा दीड हात कापा. एक दिवस सावलीत सुकवा. मग भट्टीत जास्त मावतं आणि जळण वाचतं. तेल कमी होत नाही, फक्त ढीग घालून ठेवू नका, आतून तापतो.

गौताळ्याचा_पायथा | ५ ऑक्टोबर

ताईंनी शास्त्र छान सांगितलं. मी शेळ्या पाळतो, कन्नडकडं. मला एक विचारायचंय. "उरलेलं" म्हणजे नेमकं कुणाच्या पुढून उरलेलं?

आमच्या वाडीत बायका वाळल्या फांद्या वेचून आणतात, त्यावर चूल पेटते. गवत गुरं खातात. जे गुरं खात नाहीत ते छपरावर जातं. छपरावर गेलं नाही ते मातीत जातं. कागदावर ज्याला 'वाया जाणारा माल' म्हणतात, त्यावर आमची एक पिढी जगलेली आहे. मोठी भट्टी आली, कुणी ट्रकानं माल न्यायला लागला, की सगळ्यात आधी वेचणाऱ्या बाईला रानात यायची बंदी होते. असं होताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, दुसऱ्या मालाच्या बाबतीत. राग नाही, पण हे ठरवून मग पुढं जा.

पैनगंगाकाठ | ६ ऑक्टोबर

गौताळ्याचा पायथा, तुमचं बोलणं मनाला लागलं. काल संध्याकाळी आमच्या आजीला आणि दोन-तीन गुराख्यांना विचारलं. ते म्हणाले, तिखाडी कोवळी असताना, आषाढ-श्रावणात गुरं खातात. तुरा आला की तोंड लावत नाहीत, वासामुळं. म्हणजे तुरे आल्यावर कापलं तर चराईला धक्का लागत नाही. जळणाच्या फांद्यांना आम्ही हात लावणार नाही. ताई म्हणतात तसं सागाचा पाला यादीतून काढला. निर्गुडीही काढली. राहिली फक्त तिखाडी.

आजीनं आणखी एक सांगितलं. तिच्या लहानपणी तिखाडीचं तेल गुडघ्याला चोळायला मिळायचं, "रोशेल" म्हणायचे. ते बाहेरून कुणीतरी विकायला यायचं. म्हणजे आमच्या रानातलं गवत, आणि तेल आम्ही विकत घ्यायचो.

जुनी_पेठ | ६ ऑक्टोबर

रोशेलवरून थोडं विषयांतर करतो. खानदेशात रोशाच्या भट्ट्या ब्रिटिश काळात जोरात होत्या. डोंगरात ओढ्याकाठी भट्टी मांडायची, गवत संपलं की पुढच्या ओढ्याला. तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं. तिथं ते उन्हात ठेवून फिकं करायचे आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. तुर्क त्याला इद्रिस यागी म्हणत. युरोपातल्या लोकांना ते तुर्कस्तानातून मिळायचं, म्हणून त्यांनी त्याचं नाव 'तुर्की जिरॅनियम तेल' ठेवलं. १८७१ मध्ये याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं याच गवताच्या तेलातून जिरॅनिऑल वेगळं केलं. नाव मात्र जिरॅनियम या फुलझाडावरून पडलं. गवत आपल्या डोंगरातलं, राबणारे हात इथल्या आदिवासींचे, आणि नावात त्यांचा मागमूस नाही. आजीची गोष्ट वाचून हे आठवलं.

बालाघाट | ७ ऑक्टोबर

मी वनखात्यात तीस वर्षं होतो, आता निवृत्त, बीड जिल्ह्यात राहतो. कायद्याचं सांगतो, कारण उत्साहात पोरं अडकतात.

२००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. वनस्पतीपासून मिळणारं, इमारती लाकूड सोडून बाकी सगळं त्यात येतं: बांबू, झुडपी लाकूड, खुंट, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती, कंदमुळं. सामूहिक हक्क असलेल्या ग्रामसभेला ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेची समितीच देते. तेव्हा ठराव करा, प्रोसिडिंग बुकात नीट लिहा, किती गवत कुठल्या कक्षातून, म्हणजे जंगलाच्या नकाशावरच्या कुठल्या भागातून, कापलं याची वही ठेवा.

पण तुमच्या हद्दीतला एखादा कक्ष पैनगंगा अभयारण्यात येतो का, ते नकाशावर तपासा. अभयारण्यातून गवत, वाळलेलं किंवा पडलेलं झाड, काहीही काढायला सर्वोच्च न्यायालयाची १४ फेब्रुवारी २००० पासून मनाई आहे. गौताळा, येडशी-रामलिंग घाट इथल्या मित्रांनीही हे लक्षात ठेवावं. तिथं 'उरलेलं' असं काही नसतं, सगळं प्राण्यांचं.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. स्थानिक लोकांना आपल्या भागातल्या वनस्पती वापरायला त्यात सूट आहे. बाहेरची कंपनी व्यापारासाठी माल घेणार असेल तर तिनं नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं, आणि लाभातला वाटा गावाला मिळायला हवा. गावची जैवविविधता समिती कागदावरच असेल तर ती जागी करा.

आणि भट्टी लावायच्या आधी पोलीस ठाण्यात आणि उत्पादन शुल्क कार्यालयात लेखी कळवा. मोहाच्या हातभट्टीचा भाग आहे तुमचा. धूर, ड्रम आणि नळी लांबून सारखीच दिसते.

अर्कभट्टी | ७ ऑक्टोबर

बालाघाट सर, शेवटचा मुद्दा कुणीच सांगत नाही, आणि तो सगळ्यात आधी उपयोगी पडतो. धन्यवाद.

पैनगंगाकाठ, विकत काही घेऊ नका अजून. आधी भाड्यानं किंवा उसनी भट्टी मिळते का बघा. एक घाणा काढा, तेल तपासून घ्या.

माळरान | ७ ऑक्टोबर

माझी जुनी पाचशे लिटरची भट्टी पडून आहे. झाकण नवीन करून घेतलंय. टेम्पोचं भाडं तुम्ही द्या, भट्टी हंगामभर वापरा. हौद मात्र तुमचा.

पैनगंगाकाठ | २ नोव्हेंबर

मंडळी, उशीर झाला. भट्टी आली, माळरानदादा स्वतः सोबत आले, दोन मुक्काम केले. गावठाणात शाळेच्या मागं मांडली. ग्रामसभेचा ठराव झाला, ठाण्यात पत्र दिलं. ज्या दिवशी पेटवली त्या दिवशी खरंच एक शिपाई आला. पत्राची पोच दाखवली, चहा घेऊन गेला.

पहिला घाणा शंभर किलोचा. आठ बायका आणि तीन पोरांनी डोंगर आणि ओढा दोन्हीकडून कापून आणलं. वरचा दीड हातच कापला. तीन तास वाफ दिली. पहिल्या वीस मिनिटांत काही दिसेना, आमचा जीव खालीवर. मग पाण्यावर पिवळसर थेंब जमायला लागले. शेवटी चारशे मिलिलिटरच्या आसपास तेल. सगळ्यांनी बोट लावून वास घेतला.

तपासणीचा कागद आज आला आणि मन खट्टू झालं. जिरॅनिऑल फक्त ५२ टक्के. घेणाऱ्यानं फोनवर सांगितलं, या दर्जाचं तेल आम्हाला नको. कुठं चुकलो?

अर्कभट्टी | २ नोव्हेंबर

कुठून कापलं ते तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. डोंगर आणि ओढा, दोन्ही.

रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतके सारखे की वनस्पतिशास्त्राचे लोकही नुसत्या नजरेनं ओळखताना चुकतात. मोतिया उघड्या, कोरड्या, दगडाळ उतारावर तुटक तुटक येतो. सोफिया खालच्या ओलसर, दाट जागेत येतो. मोतियाचं तेल ते पामरोझा. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल बरंच कमी, त्याला व्यापारात जिंजरग्रास म्हणतात आणि भाव खूप पडतो. तुम्ही दोन्ही एकाच भट्टीत घातले.

ओळखायची खूण नाकच. तुरा तळहातावर जोरात चुरगाळा. मोतियाला गोड, गुलाबी वास. सोफियाला आल्यासारखा, किंचित टर्पेंटाइनसारखा उग्र. गावातल्या बायकांना हे काम द्या. चार दिवसांत त्या माझ्या यंत्राइतक्या बिनचूक होतील, हे मी अनुभवानं सांगते.

गौताळ्याचा_पायथा | ३ नोव्हेंबर

आजीला विचारा. तिला हे आधीच माहीत असणार.

पैनगंगाकाठ | ३ नोव्हेंबर

विचारलं. आजी म्हणाली, "वढ्याची तिखाडी वायली अन् टेकडीची वायली. वढ्याच्या तिखाडीला आम्ही हात लावत नव्हतो, डोकं दुखतं तिच्या वासानं." महिनाभर आमच्यासोबत होती ती. आम्हीच विचारलं नव्हतं.

वसमतची_हळद | ५ नोव्हेंबर

हा धागा रोज वाचतोय. हिंगोली जिल्ह्यातून लिहितो. एक गोष्ट जोडावी वाटली. रोशाचा हंगाम फार तर सहा-सात आठवडे. बाकी वर्षभर भट्टी बसून राहिली तर तिचा खर्च निघत नाही. आमच्याकडं जानेवारी-फेब्रुवारीत हळद काढायच्या आधी पाला कापतात आणि बांधावर टाकतात. त्या पाल्यात तेल असतं. मी मागच्या वर्षी हिरवा पाला उकडून बघितला, चांगला वास होता. आमचा पाला फुकट, तुमची भट्टी. रोशा संपला की भट्टी इकडं आणायचं बघू. हळदीचा पाला शेतातला आहे, त्याला वनखात्याची परवानगी लागत नाही.

माळरान | ५ नोव्हेंबर

माझी हरकत नाही. भट्टी फिरत राहिली तर मला आनंदच आहे. निलगिरीची शेती असलेल्यांनीही खांब तोडल्यावर पाला जाळू नये, त्यात तेल भरपूर असतं. फक्त निलगिरीचं तेल घरात लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. पोटात थोडं गेलं तरी जिवावर बेततं. आमच्या शेजारी एक लेकरू थोडक्यात वाचलं.

पैनगंगाकाठ | २८ नोव्हेंबर

सविस्तर लिहितो, कारण तुम्हा सगळ्यांचं यात आहे.

फक्त टेकडीचा रोशा घेतला. पाच बायकांना निवडीचं काम दिलं, आजी त्यांच्या सोबत बसली. प्रत्येक पेंढी चुरगाळून बघायची, शंका आली की बाजूला. एकूण अकरा घाणे काढले. चांगल्या घाण्यात शंभर किलोमागं सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर तेल पडलं, म्हणजे पहिल्यापेक्षा दीडपट. दोन नमुने तपासले. एक ७९ टक्के, दुसरा ८१. घेणारा तयार झाला.

जळणाची मला फार काळजी होती. रानातलं लाकूड जाळून तेल काढायचं म्हणजे गौताळ्याच्या दादांनी सांगितलेली चूक आपणच करायची. पहिले दोन घाणे पऱ्हाटी आणि तुराट्यांवर काढले. मग उकडलेलं गवत दोन दिवस उन्हात पसरलं, वाळल्यावर तेच खाली लावलं. एका घाण्याचा चोथा पुढच्या घाण्याला पुरतो आणि थोडा उरतोही. लाकडाची एक काडीही रानातून आणली नाही. उरलेला चोथा हळदवाल्या दोघांनी आच्छादनाला नेला.

पाणी: हौद तीन हजार लिटरचा बांधला. एका घाण्याला सहाशे लिटर फिरतं. दिवसाला दोनच घाणे काढले, म्हणजे रात्री पाणी गार व्हायला वेळ मिळतो. तेलाखालचं वासाचं पाणी फेकून देत होतो. अर्कभट्टीताईंनी फोनवर सांगितलं की त्यात विरघळलेलं तेल असतं, ते पुढच्या घाण्याला बॉयलरमध्ये परत घाला. तेच केलं.

पैशाचं: कापणारीला वजनावर आणि निवडणारीला रोजावर, दोन्ही ग्रामसभेनं ठरवलं. सगळं वजा जाऊन ग्रामसभेच्या खात्यात रक्कम राहिली. मोठी नाही. आठ-दहा पोरं ऊसतोडीची थांबतील असं मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ते एवढ्यावर होत नाही. या वर्षी दोघं थांबली, भट्टीवरची. तरी बायकांना घराजवळ महिनाभर काम मिळालं. त्यातल्या चौघींनी मला विचारलं, भट्टी हिंगोलीला गेली की आम्हीही निवड करायला यायचं का?

एका गोष्टीवर ग्रामसभेत भांडण झालं. पोरांचं म्हणणं, पुढच्या वर्षी अख्खी टेकडी कापू. आजी आणि गुराखी म्हणाले, बी पडल्याशिवाय गवत येणार नाही, तिसरा हिस्सा उभा ठेवा. रात्री अकरापर्यंत बोलणं चाललं. शेवटी टेकडीचे तीन भाग पाडले, दर वर्षी एक भाग तसाच राखायचा. पण राखलेला भाग वाळून उभा राहणार आणि वणवा लागला तर तोच आधी जाणार. म्हणून त्याच्या भोवती कापलेल्या भागातून दहा हात रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचं ठरलं. काम माघात सुरू करतोय.

बालाघाट सर, जाळरेषा उताराला आडवी काढावी की वरून खाली? आमच्याकडं वारा संध्याकाळी दरीतून वर चढतो.

बालाघाट | २९ नोव्हेंबर

आग चढाला जोरात पळते, म्हणून मुख्य रेषा राखलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, उताराला आडवी. दोन्ही बाजूंना उभ्या रेषा काढून वर माथ्याला जोडा, माथ्यावर खडक असेल तर तिथं संपवा. रेषेतलं गवत कापून ओढून बाहेर काढा. जाळायचंच असेल तर पहाटे, दव असताना, वारा पडलेला असताना, आणि वनरक्षकाला सोबत घेऊन. माघात काढलीत तरी पानगळीनं रेषा परत भरते, सागाचा पाला त्यातच येऊन पडतो. होळीच्या आधी एकदा झाडून घ्या. मी फेब्रुवारीत नांदेडला येणार आहे, एक दिवस तुमच्याकडं काढतो. नकाशा तयार ठेवा.